जमिनीपासून अठरा इंच वर

खुब्याचा सांधा म्हणजे उखळीत बसलेला गोळा. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक तिच्यात फिरते. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला, किंवा रक्तपुरवठा तुटून गोळाच आतून ढासळला, की हाडावर हाड घासू लागते. दुखणे बहुधा जांघेत असते, पण कधी ते थेट गुडघ्यात जाणवते. त्यामुळे कित्येक जण वर्षभर गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. गोळ्या, काठी आणि व्यायाम यांनी भागेनासे झाले की सांधा बदलला जातो. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा आणि कमरेच्या हाडात अस्तर लावलेली नवी वाटी बसवतात.

या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातील जॉन चार्नली यांनी. त्यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या आणि त्या काढून टाकाव्या लागल्या. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी दाट पॉलिथिलिनची वाटी बसवली आणि ती टिकली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार बसवलेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात.

हा सांधा घडला तो खुर्ची-पलंगावर जगणाऱ्या समाजात. बीड जिल्ह्यातले खेड्यातले घर मात्र अजून बरेचसे जमिनीवर चालते. भाकरी थापणे, जेवण, धुणे, भांडी, देवपूजा, ओसरीवरच्या गप्पा आणि शौच, सारे मांडी घालून किंवा उकिडवे बसून. नव्या खुब्याचे वैर नेमके याच दोन बैठकींशी आहे. नैसर्गिक गोळ्याचा व्यास साधारण ४५ ते ५० मिलिमीटर असतो, कृत्रिम गोळ्याचा बहुधा २८ ते ३६. गोळा लहान असला की थोडे सरकताच तो वाटीच्या काठावर येतो. खुर्चीवर ताठ बसल्यावर खुबा सुमारे ९० अंशांत वाकतो, उकिडवे बसताना १२० अंशांच्याही पुढे जातो. एवढा वाकला की कृत्रिम मान वाटीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि पहारीने दगड उचकटावा तसा गोळा मागच्या बाजूने बाहेर फेकला जातो. मागून छेद घेऊन शस्त्रक्रिया केली असेल तर नेमक्या त्याच बाजूचे स्नायू आणि सांध्याचे आवरण नुकतेच शिवलेले असते. ते भरून यायला ६ ते १२ आठवडे लागतात. पुढून छेद घेतल्यास धोक्याच्या हालचाली वेगळ्या असतात, म्हणून कोणत्या बाजूने छेद घेणार हे शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवावे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत उरकते. घराला मात्र तीन महिने जमिनीपासून अठरा इंच वर राहावे लागते.

अगदी आधी ठरवायची ती तारीख, आणि बीडमध्ये ती दवाखान्याच्या वहीपेक्षा साखर कारखान्याच्या गाळपावर अवलंबून असते. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे उसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो गेला की घरात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पंधरा दिवस तरी धट्टेकट्टे माणूस चोवीस तास जवळ लागते. त्यामुळे सासूचा खुबा बदलायचा तर सून गावात असतानाचा काळ धरावा. रुग्ण स्वतः तोडकरी असेल तर मुकादमाकडून उचल घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे झालेले बरे. वाकून ऊस तोडणे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे ही कामे नव्या सांध्याला मानवणारी नाहीत. एकदा उचल घेतली की ही गोष्ट मुकादमाला पटवणे अवघड.

पैशाची चौकशीही याच टप्प्यावर करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ पासून आजच्या नावाने चालते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपल्याला सुचवलेली नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. अनेक जण लातूर, अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. वॉकर, कमोडची खुर्ची आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज हा खर्च मात्र घरचाच धरून चालावे.

पडून खुबा मोडलेल्या माणसाला असा वेळ मिळत नाही. तिथे शस्त्रक्रिया जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते. रुग्ण दवाखान्यात असतानाच इकडे गवंडी आणि सुतार बोलवावे लागतात.

शरीराची तयारी साधारण दीड महिना आधी सुरू होते. पहिली नजर रक्तावर. गावाकडच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणे इतके नेहमीचे आहे, की ते आठ-नऊ असले तरी ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. या शस्त्रक्रियेत बऱ्यापैकी रक्त जाते. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरायला आठवडे लागतात. आदल्या रात्री ते भरता येत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी होते आणि ती फार वाढलेली असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, कारण गोड रक्तात जंतू फोफावतात. नव्या सांध्याला जंतू लागले तर कधी कधी तो सगळा काढावा लागतो. म्हणून जंतूंच्या वाटा आधीच बुजवायच्या: किडलेला दात, लघवीची जळजळ, अंगावरचे गळू, टाचांच्या रक्ताळलेल्या भेगा, पायात मोडलेला बाभळीचा काटा, पाचटाने कापलेली बोटे. काटा ही किरकोळ गोष्ट वाटते, पण पायाला पू झालेला दिसला तर टेबलावरूनही रुग्णाला परत पाठवले जाते. त्या भागाचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. कातडीवर पडलेले बारीक ओरखडे जंतूंना पुरतात.

बीडच्या बायकांबाबत आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर बीजांडकोशही गेले असतील तर हाडे जपणारे इस्ट्रोजेन ऐन तिशी-पस्तिशीत थांबते. अशा बाईचे हाड पन्नाशीतच सत्तरीतल्यासारखे विरळ झालेले असू शकते. विरळ हाडात दांडा बसवताना चीर जाण्याची भीती असते, शिवाय तो नुसता ठोकून बसवायचा की हाडाच्या सिमेंटने, हेही हाडाच्या ताकदीवर ठरते. पिशवीची जुनी कागदपत्रे बहुतेकींकडे नसतात. तरी कोणत्या वयात ऑपरेशन झाले एवढे सांगितले तरी डॉक्टरांना हाडांची घनता तपासून घेण्याचे सुचते.

तरुण पुरुषांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्यामागे बऱ्याचदा दारू किंवा स्टेरॉइड असते. दुखण्यावर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. पुडी घेत असल्याचे लपवले आणि भुलीच्या दिवशी ती एकाएकी बंद झाली, तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. डॉक्टर रागावतील म्हणून पुडी लपवणे हा या सगळ्या तयारीतला सर्वांत महाग संकोच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. हृदयात स्टेंट असलेल्याने त्या मनानेच बंद करणे जिवावर बेतू शकते. तंबाखू, गुटखा, विडी आणि मशेरी किमान महिनाभर आधी सोडायची. मशेरीला व्यसन न मानता दात घासणे म्हणण्याची पद्धत आहे, पण निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातेच आणि बारीक रक्तवाहिन्या आवळते. जखम आणि हाड या दोहोंचे भरणे त्याने लांबते.

व्यायामाचे काम पायांइतकेच हातांचे आहे, कारण काही आठवडे अंगाचा भार वॉकरवर पेलायचा असतो. हातांची खुर्ची घेऊन तिच्या हातांवर जोर देत उठायचा सराव रोज करावा. झोपल्या झोपल्या मांडीचा स्नायू आवळून धरणे, आणि घोट्यातून पंजा वर-खाली करणे. पंजाच्या या हालचालीने पोटरीतले रक्त वर ढकलले जाते आणि शस्त्रक्रियेनंतर शिरांत गुठळी होण्याचा धोका कमी होतो. वॉकर आधीच आणून दुखत्या पायाने त्यावर चालून पाहावे. भूल उतरता उतरता नवे काही शिकणे सोपे नसते.

घराची तयारी सुतळी आणि टेप घेऊन करावी. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजून त्यात दोन इंच मिळवावेत. बहुतेक बायकांसाठी हे माप अठरा इंचांच्या आसपास येते, उंच पुरुषांसाठी वीस-एकवीस. रुग्ण जिथे जिथे बसणार तिथे एवढी उंची हवी. बाज इथे बाद ठरते. तिची सुंभाची किंवा नवारीची वीण मध्ये खचते, बूड खाली जाते आणि गुडघे वर येतात. फळ्यांचा पलंग किंवा दिवाण चांगला. उंची कमी पडली तर पायांखाली विटा न ठेवता खाच पाडलेले लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे ते निसटत नाहीत. पलंग भिंतीपासून दूर लावावा. झोपताना दोन्ही पायांत उशी लागते. वाकळेची घट्ट वळकटीही ते काम करते.

खरी परीक्षा संडासाची. अंगणातले बांधीव संडास बहुधा बसक्या भांड्याचे, दोन-तीन पायऱ्यांवर आणि कठड्याविना असतात. भांड्यावर ठेवायची लोखंडी कमोड-खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून केलेली युक्ती ओल्या फरशीवर पाय फाकवते, ती टाळावी. वॉकर साधारण २० ते २२ इंच रुंद असतो, दार त्याहून अरुंद निघाले तर ते आधीच कळलेले बरे. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडते करावे, कारण माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते. हाताशी भिंतीत पाइप ठोकावा; नळाला धरून उठणारे नळासकट खाली येतात. रात्रीसाठी पलंगाजवळ भांडे किंवा कमोड-खुर्ची ठेवली की अंगण ओलांडायची वेळ येत नाही. न्हाणीतली शहाबादी फरशी शेवाळ खरवडून कोरडी करावी, बसायला उंच स्टूल आणि बादलीसाठी वेगळे स्टूल ठेवावे.

वॉकरने दोन्ही हात अडकतात, त्यामुळे पाण्याचा तांब्यासुद्धा नेता येत नाही. वॉकरला पिशवी बांधावी आणि झाकणाची बाटली वापरावी. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात हंडे कोण भरणार, हे आधी ठरवून घ्यावे. टँकरचा भोंगा वाजला की धावायची सवय वॉकरने सुटत नाही. चूल जमिनीवरच असेल तर तीन महिने भाकरी दुसऱ्याने थापाव्यात, किंवा गॅसची शेगडी ओट्यावर न्यावी. सतरंज्या गुंडाळाव्यात, वायरी भिंतीलगत न्याव्यात. शेळीची करडे, कोंबड्या आणि पायांत घोटाळणारे कुत्रे यांना तेवढे दिवस अंगणाबाहेर बांधावे. लोडशेडिंगसाठी बॅटरी उशाशी असावी. नऊवारीचा किंवा धोतराचा सोगा वॉकरच्या पायात येतो. गाऊन आणि पायजमा बरे. चपलेला मागून पट्टा हवा.

पायऱ्यांचा नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. जोते उंच असेल तर दोन पायऱ्यांमध्ये एक जादा फळी बसवून चढ निम्मा करावा. घराचा उंबराही एक पायरीच धरायचा.

दाखल होताना सर्व औषधांची पाकिटे, जुने एक्स-रे आणि कार्डे एका पिशवीत न्यावीत. आदल्या रात्री आणि सकाळी सांगितलेल्या साबणाने आंघोळ करावी. जेवण किमान सहा तास आधी थांबते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते का, हे भूलतज्ज्ञ सांगतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते आणि काही दिवसांत घरी सोडतात. परतीसाठी मोटारसायकल आणि एसटीची उंच पायरी दोन्ही नकोत. गाडीची पुढची सीट मागे सरकवून तिच्यावर घट्ट उशी ठेवावी, आधी बूड टेकवावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. संभाजीनगर ते बीड हा रस्ताही सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. तासाभराने उतरून चार पावले चालावे.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात आणि दीड महिन्याने एक्स-रे होतो, त्या दोन्ही दिवसांची गाडी आधीच सांगून ठेवावी. बसवलेल्या सांध्याचा क्रमांक आणि माप छापलेले स्टिकर रुग्णालयाच्या कागदांवर असते. त्याची प्रत रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावी. वीस वर्षांनी वाटी बदलायची वेळ आली, तर कोणता भाग आणायचा हे त्या चिटोऱ्यावरूनच कळते.