मांड्याचं मूळ खापरात

खानदेशातला मांडा पाहिला की बहुतेकजण त्याला मोठी पुरणपोळी समजतात. आतलं पुरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचंच, म्हणून हा समज स्वाभाविक आहे. पण पदार्थाचं कूळ सारणावरून ठरवलं, तर मांड्यातली खरी कारागिरी नजरेआड होते. पुरणपोळी पोळपाटावर लाटतात, म्हणून ती पोळपाटाएवढीच होते. मांडा हातांवर झुलवत वाढवतात, थेट कोपरापर्यंत. एवढा मोठा, नाजूक पदर सपाट तव्यावर टाकला तर त्याच्या चुण्या पडतील. उपड्या खापराच्या, म्हणजे मातीच्या भांड्याच्या, फुगीर पाठीवर मात्र तो आपल्याच वजनाने चहूकडून ओढला जातो आणि भाजून होईपर्यंत ताणलेला राहतो.

हे सारं हातांचं कसब, खापराचं त्यात काय, असं कोणी म्हणेल. कसब थोरच आहे. पण त्याची तयारी जात्यापासून सुरू होते. गहू भिजवून, निथळून दळले की साल चिवट होते, तिचा भुगा होत नाही आणि ती चाळणीत वेगळी राहते. पीठ वस्त्रगाळ करायचं ते याचसाठी, कारण कोंड्याचा बारीक कणही ताणलेल्या पदराला भोक पाडतो. मग सैल कणीक पाणी लावत खूप वेळ तिंबतात, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची जाळी तयार होते आणि कणीक तुटण्याऐवजी लांबते. पण असा लांबलेला पदर भाजून होईपर्यंत ताणून धरतं ते खापरच.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये ‘मंडक’ आहे. नुसत्या नावसाम्यावर विसंबू नये, हे खरं. पण तिथेही गव्हाची कणीक हाताने वाढवून खापरावर भाजण्याची कृती आहे. सारण बदलेल, पण ही जोडी टिकून आहे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा इतिहास म्हणून घ्यायची नसली, तरी तिचा सगळा पेच कुंभाराकडून खापर न मिळण्यावर उभा आहे. खापराशिवाय मांडे होत नाहीत, हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागत नव्हतं. उपड्या भांड्यावर भाजण्याची रीत आपल्याकडेच जन्मली असा दावा मात्र मी करणार नाही. पश्चिम आशियातही फुगीर तव्यावर पातळ रोटी भाजतात. आणि माती हवीच का? बेळगावचे साखरेचे मांडे उपड्या कढईवरही होतात. तिथे मातीच्या जागी लोखंड आलं, पण फुगीर पाठ सुटली नाही.