दोन नावांची गांधीलमाशी आणि अलेक्झांडर गिरॉल्ट

२००८ मध्ये दिल्लीत कपाशीवरील पिठ्या ढेकणाच्या शरीरातून जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची काळी गांधीलमाशी बाहेर पडली. फिनॅकोकस सोलेनॉप्सिस या ढेकणाने त्याआधीच्या हंगामांत गुजरातपासून पंजाबपर्यंतच्या कपाशी उत्पादकांना जेरीस आणले होते. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये या गांधीलमाशीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुसा परिसरातील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ तिला 'एनासियस बंबावालेई' हे नाव मिळाले. पुढे २०१४ मध्ये तिची जुन्या जातीशी तुलना झाली आणि हीच जाती १९१५ मध्ये 'ॲरिझोनेन्सिस' या नावाने नोंदली गेल्याचे मान्य झाले. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव टिकले. ते देणारे होते अलेक्झांडर आर्सेन गिरॉल्ट.

गिरॉल्ट यांचा जन्म १८८४ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात झाला. १९११ मध्ये ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे उसावरील किडींच्या कामासाठी गेले. त्यांचे मन मात्र कॅल्सिड गटातील सूक्ष्म गांधीलमाश्यांत रमले होते. १९१४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील कामासाठी मायदेशी परतले आणि १९१७ मध्ये पुन्हा क्वीन्सलँडला गेले. नोकरी कीडनियंत्रणाची, ध्यास वर्गीकरणाचा! ही ओढाताण आयुष्यभर सुटली नाही. संपादकांनी नाकारलेली वर्णने ते पदरमोड करून छोट्या पत्रकांतून छापत आणि त्यांतच उपयोजित कीटकशास्त्रावर आसूड ओढत. एका सहकाऱ्याची खिल्ली उडवण्यासाठी तर त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या कीटकाचे 'वर्णन' केले. हा अतिरेक होता, यात शंका नाही. १९४१ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. हजारो जातींची वर्णने मागे राहिली. त्यांतील अनेक वर्णने त्रोटक होती, तर काही काचपट्ट्यांवर निरनिराळ्या जातींचे अवयव एकत्र चिकटवलेले होते. त्यांची नीट यादी करण्याचे काम क्वीन्सलँड संग्रहालयातील ई. सी. डाम्स यांनी केले.

उपयोजित कीटकशास्त्राचा तिटकारा करणाऱ्या या माणसाची नावे आज कपाशीच्या शेतात पदोपदी भेटतात. एनासियसची मादी ढेकणाच्या शरीरात एकच अंडे घालते. आत अळी वाढत जाते, तसा ढेकूण फुगून तांबूस-तपकिरी व कडक होतो. अशा ममीला गोल छिद्र पाडून प्रौढ माशी बाहेर येते. परंतु त्याच ममीतून प्रोमुसिडिया अनफॅसिएटिव्हेंट्रिस ही दुसरी गांधीलमाशीही निघते. ती एनासियसवरच जगते, म्हणजे मित्रकीटकाची शत्रू आहे. तिचे नावही गिरॉल्ट यांनीच १९१७ मध्ये दिले. ममीतून बाहेर पडणारी प्रत्येक माशी मित्र समजून मोजली, तर परोपजीवीकरणाचा अंदाज फुगतो आणि निर्णय चुकतो.

म्हणून तपकिरी ममी असलेल्या फांद्या जाळू नयेत आणि त्या काळात व्यापक परिणामाची कीटकनाशके फवारू नयेत. काही ममी बारीक कापड बांधलेल्या बरणीत ठेवाव्यात. बाहेर पडलेल्या माश्या अल्कोहोलमध्ये जतन करून, पीक, ठिकाण व तारखेच्या चिठ्ठीसह ओळख पटवण्यासाठी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे किंवा दिल्लीतील राष्ट्रीय पुसा कीटकसंग्रहाकडे पाठवाव्यात.