चिखल्यांची खातेफोड

मार्व्याच्या धक्क्यापासून मालवणीच्या तिवरांपर्यंत ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्याला रम्य म्हणण्याचे धाडस अस्सल मालाडकरही करणार नाही. उपनगराचे सांडपाणी, प्लास्टिक आणि निर्माल्य पोटात घेऊन तो पडलेला असतो, आणि तरीही दरवर्षी श्रावण लागता लागता हिमालयापलीकडून उतरणारे मूठभर आकाराचे चिखल्या पक्षी तेथेच आपला मुक्काम टाकतात. चार पावले धावावे, थबकावे, एक चोच मारावी, पुन्हा धावावे, असा त्यांचा दिनक्रम. या पक्ष्यांचे मला फार वर्षांपासून जे वेड आहे ते त्यांच्या सौंदर्यापायी नव्हे, कारण वर तपकिरी आणि खाली पांढरा अशा त्यांच्या हिवाळी पोशाखात सौंदर्य शोधावेच लागते. ते आहे त्यांच्या सारखेपणापायी. इतक्या सारख्या दिसणाऱ्या जीवांना निसर्गाने वेगवेगळे करण्याचे कारण काय, आणि वेगळे केलेच तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न एकदा मनात शिरला की सुटत नाही.

ज्याची आमच्या याद्यांत ‘लेसर सँड प्लोव्हर’ अशी पिढ्यानुपिढ्या एकच नोंद होती, त्या पक्ष्याची 2023च्या सुमारास जागतिक पक्षिसूचीत खातेफोड झाली. सामाईक वहिवाट मोडून भावाभावांनी स्वतंत्र खाती करून घ्यावीत, तसा सैबेरियाचा एक आणि तिबेटचा दुसरा. मुंबईच्या वाट्याला तिबेटी आला, आणि मालाडच्या पक्षिनिरीक्षकांना वहीतले नाव बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. परंतु या वाटणीमागचा पुरावा मोठा विलक्षण आहे. कामचात्का आणि चुकोत्का येथे वीण करणाऱ्या दोन उपजाती एका बाजूस आणि पामीर, हिमालय व पूर्व तिबेट येथील तीन उपजाती दुसऱ्या बाजूस, असे ते दोन गट. त्यांच्या जनुकसंचाची 2022 साली जी तपासणी प्रसिद्ध झाली तीत असे दिसले, की तिबेटी पक्ष्याचे सर्वांत जवळचे नाते सैबेरियाच्या पक्ष्याशी नसून ‘ग्रेटर सँड प्लोव्हर’ या थोराड चोचीच्या पक्ष्याशी आहे. म्हणजे ज्यांना आपण सख्खे समजत होतो ते चुलत निघाले, आणि याच चिखलावर शेजारी चरणारा, दुर्बिणीतून आपण मोठ्या कौशल्याने ‘वेगळा’ म्हणून निवडून काढत होतो तो सख्खा.

अर्न्स्ट मायर यांनी 1942 साली मांडलेली उपपत्ती, की डोंगर, समुद्र वा बर्फ आडवे येऊन एका जातीच्या दोन वस्त्यांचा शरीरसंबंध तुटला म्हणजे कालांतराने दोन जाती होतात, वाचकांना ठाऊक आहेच. तिचा विस्तार येथे करीत नाही. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांनी मात्र या उपपत्तीला बराच काळ पेचात धरले होते, कारण ज्याला हजारो कोस उडता येते त्याला डोंगर कसला आणि समुद्र कसला? उत्तर असे, की हे पक्षी हिवाळा कोठेही काढोत, जोडी जुळते ती विणीच्या मुलखात, आणि सरहद्दी असतात त्या तिकडे. मालाडच्या चिखलावर दोन जाती महिनोन्‌महिने खांद्याला खांदा लावून चरतात यावरून त्यांच्या संकराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

त्यातही जातीजातींत भेद आहे, आणि तो भेद गृहस्थाश्रमाचा आहे. ‘केंटिश प्लोव्हर’ या चिखल्याची मादी पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली की पुष्कळदा ती नराच्या हवाली करून दुसऱ्या जोडीदाराच्या शोधात दूरचा मुलूख गाठते. परिणामी युरोपपासून पूर्व आशियापर्यंतच्या वस्त्यांचे रक्त सतत मिसळत राहते आणि इतक्या अफाट प्रदेशात जनुकीय भेद जवळजवळ पडतच नाही. एकपत्नीव्रताने राहणाऱ्या जातींत मात्र वस्त्या लवकर तुटक होतात. ताम्माश सेकेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष 2017 साली मांडला, तेव्हा मला तो वाचून हसू आले होते. निष्ठावान संसारातून नव्या जाती निपजतात आणि स्वैराचारातून ऐक्य टिकते, हे आमच्या नीतिपाठांच्या पुस्तकात कोठे बसवावे?

अशा या एकजिनसी केंटिशमधूनही दोन शाखा फुटल्या. एक चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरची, गोऱ्या चेहऱ्याची. कलकत्त्यास जन्मलेल्या आणि चीनमध्ये इंग्रजी वकिलातीत नोकरी केलेल्या रॉबर्ट स्विनहो याने 1870 साली तिचे वर्णन केले, पुढे ती विस्मरणात गेली, आणि 2008 साली पुन्हा कागदावर आली. 2011च्या तपासणीत तिचे जनुक केंटिशहून वेगळे दिसेनात, तर 2019 साली संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर सुमारे साडेपाच लाख वर्षांपूर्वीची फारकत आढळली. जाती जन्मास येताना पाहणे म्हणजे हेच: डोळ्याला दिसते, रक्तात अजून पुरते उतरलेले नसते.

दुसरी शाखा आपल्या घरची आहे. श्रीलंका आणि दक्षिण भारत येथे बारमाही राहणारा, पंख, चोच आणि शेपटी सारेच आखूड असलेला हा लहानखुरा चिखल्या. 2023 साली ‘आयबिस’ या नियतकालिकात श्रीलंकेचे जूड जनिथ निरोशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतंत्र जात असल्याचे दाखवले. त्याची फारकत सुमारे 12 लाख वर्षांची निघाली, म्हणजे गोऱ्या चेहऱ्याच्या चिनी भावंडाहून कितीतरी जुनी. रामसेतूच्या दोन्ही टोकांस त्याची वस्ती, म्हणून त्याला नाव दिले ‘हनुमान प्लोव्हर’. वर्तमानपत्रांनी नावाचे कौतुक केले आणि विषय संपवला. माझे लक्ष मात्र शास्त्रीय नावाला चिकटलेल्या दोन आडनावांवर गेले, आणि तेथून पुढे माझे वाचन चिखल सोडून भलत्याच दिशेस गेले.

शास्त्रीय नाव ‘सीबोमी’, कर्ते ‘हार्टर्ट आणि जॅक्सन, 1915’. हेन्री सीबोम हा शेफील्डचा पोलादाचा कारखानदार. 1887 साली त्याने चिखल्या, तुतवार आणि पाणलाव्यांच्या भौगोलिक वाटणीवर एक भलाथोरला ग्रंथ काढला आणि त्यात असे प्रतिपादले, की या कुळाचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाभोवती होते आणि हिमयुगाच्या बर्फाने त्यांना दक्षिणेकडे पांगवून एकमेकांपासून तोडले. तपशील आज टिकत नाहीत, पण मायरच्या आधी पंचावन्न वर्षे वियोगाला जातिनिर्मितीचे मूळ मानणारा हा पोलादवाला मला भल्याभल्या प्राध्यापकांहून दूरदर्शी वाटतो. अर्न्स्ट हार्टर्ट हा जर्मनीत जन्मलेला, वॉल्टर रॉथशिल्डच्या ट्रिंग येथील संग्रहालयाचा प्रमुख. उपजातींना तीन पदांची नावे देण्याच्या त्याच्या आग्रहाने इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ चिडून उठले होते. 1915 साली, युरोप पेटलेला असताना, हा जर्मन रक्ताचा मनुष्य इंग्रजी नियतकालिकात चिखल्यांच्या उपजाती वाटून देत होता. पुढच्याच वर्षी त्याचा एकुलता एक मुलगा इंग्रजी सैन्यात लढताना सोमच्या रणभूमीवर पडला.

आणि जॅक्सन? अ‍ॅनी कॉन्स्टन्स जॅक्सन, जन्म 1889, स्कॉटलंडच्या रॉस-शायरमधील स्वोर्डेलची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तिने प्राणिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले, आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची पिसे कोणत्या क्रमाने झडतात व उगवतात या अत्यंत रूक्ष विषयाला वाहून घेतले. हा विषय रूक्ष खरा, परंतु त्याच्यावाचून उपजातीचा निवाडा करता येत नाही: झिजलेल्या पंखाचे माप आणि नव्या पंखाचे माप यांतला फरक ज्याला कळत नाही तो जुन्या पिसाऱ्याला नवी जात ठरवून मोकळा होतो. ब्रिटिश पाणथळ पक्ष्यांच्या पीसबदलावरची तिची लेखमाला पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत आली, आणि विदर्बीने संपादिलेल्या ब्रिटिश पक्ष्यांच्या प्रमाणभूत पुस्तिकेत या वर्गाची वर्णने तिचीच आहेत. हार्टर्टबरोबरच्या 1915च्या त्या संयुक्त टिपणात नजर कोणाची होती याविषयी मला स्वतःला फारशी शंका नाही.

1921 साली तिने कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन याच्याशी विवाह केला. हा मनुष्य सैनिक, हेर, रोजनिशीकार आणि पक्षिसंग्राहक. सालिम अलींनी 1937 साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानचा प्रवास केला आणि त्याच्या रोजनिशीत स्वतःविषयी काय लिहिले होते ते आत्मचरित्रात मिस्कीलपणे छापूनही टाकले. 1925 साली अ‍ॅनी पतीसह लडाख आणि सिक्कीमला आली होती. मालाडच्या खाडीवर हिवाळा काढणारे तिबेटी चिखल्या ज्या उंच पठारांवर अंडी घालतात, त्यांपैकीच लडाख एक. तीन वर्षांनी, 6 जुलै 1928 रोजी, स्वोर्डेल येथे पिस्तुलाची गोळी लागून ती मरण पावली. नेमबाजीच्या सरावातला अपघात, अशी सरकारी नोंद झाली. धाकटे मूल त्या वेळी तान्हे होते. ब्रायन गारफील्ड याने 2007च्या पुस्तकात पतीवर उघड संशय घेतला आहे. तो संशय सिद्ध झालेला नाही आणि इतक्या काळानंतर होणारही नाही. परंतु पतीचे दुसरे दुष्कर्म मात्र पुराव्याने शाबीत आहे, आणि त्याची साक्ष महाराष्ट्रात निघाली.

अ‍ॅलन नॉक्स यांनी 1993 साली माइनर्ट्‌झहागनच्या संग्रहातील अफरातफर उघड करायला हात घातला. पाठोपाठ पामेला रासमुसेन यांनी वनपिंगळा या घुबडाचे प्रकरण उकलले. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने 1880च्या दशकात जमवलेला एक नमुना माइनर्ट्‌झहागनने चोरला, पुन्हा भरून शिवला, आणि तापीकाठच्या मांडवी येथे ऑक्टोबर 1914 मध्ये आपणच मारल्याची चिठ्ठी लावली. त्याच महिन्यात तो मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या स्वारीवर निघालेल्या फौजेत होता. क्ष-किरणांत डेव्हिडसनची भरण्याची ढब उघडी पडली. खोटी चिठ्ठी बाद केल्यावर शोधाची दिशा बदलली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना वनपिंगळा जिवंत दिसला, शंभराहून अधिक वर्षांनी.

एका खोट्या चिठ्ठीने शोधाला केवढे आडवळण लावले हे येथे दिसते, आणि म्हणूनच अ‍ॅनीच्या कामाचे मोल मला अधिक वाटते. त्या जोडप्यातील एकाचे दफ्तर नमुन्यागणिक पुन्हा तपासावे लागते आहे. दुसरीचे 1915चे टिपण, जे पुढे बहुतेक ग्रंथांत एका किरकोळ उपजातीच्या ओळीपुरते उरले होते, ते एकशेआठ वर्षांनी जनुकांच्या तराजूत घातले तेव्हा नुसते खरे ठरले नाही, तर तिने मागितले होते त्याहून अधिक निघाले. तिने उपजात म्हटले होते; निघाली जात. निरोशन यांच्या सहलेखकांत ट्रिंगच्या संग्रहालयातील एक अभ्यासकही आहेत, कारण ब्रिटनचा राष्ट्रीय पक्षिसंग्रह आता त्याच गावी आहे.

या साऱ्या लहान चिखल्यांचे प्रजातिनाम अलीकडे बदलून ‘अनारिंकस’ करण्यात आले आहे, आणि नामकरणाचा दंडक असा, की प्रजाती बदलली म्हणजे मूळ कर्त्यांची नावे कंसात जातात. तेव्हा हनुमान चिखल्याची पुरी नोंद आता अशी होते: अनारिंकस सीबोमी, कंसात हार्टर्ट आणि जॅक्सन, 1915. दंडकाप्रमाणे आडनाव प्रसिद्धीच्या वेळचेच राहते. नवऱ्याचे तेथे कधीच लागत नाही.