ई-फेरफार प्रकल्प

ई-फेरफार हा महाराष्ट्रातील जमिनींचे अधिकार अभिलेख संगणकावर अद्ययावत ठेवण्याचा शासकीय प्रकल्प आहे. खरेदी, वारसा, वाटणी, कर्जाचा बोजा अशा कारणांनी जमिनीवरील हक्कांत झालेल्या बदलाच्या नोंदीस 'फेरफार' म्हणतात. ही नोंद गाव नमुना ६ मध्ये होते आणि प्रमाणित झाल्यावर तिचा अंमल सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना ७ व १२ वर, दिला जातो.

रचना व पर्यवेक्षण

प्रकल्पाचे नियंत्रण पुणे येथील जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे आहे. संगणकीय आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली. हे केंद्र १९७६ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची संस्था आहे. नोंदी करणारे तलाठी व मंडळ अधिकारी मात्र राज्याच्या महसूल विभागाचे आहेत. त्यामुळे प्रकल्पाच्या पर्यवेक्षणात दोन स्वतंत्र यंत्रणांचा मेळ घालावा लागतो.

कार्यपद्धती

तलाठी फेरफार नोंदवून हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आज्ञावलीने हा क्रम पाळलाच पाहिजे. मुदत संपण्यापूर्वी नोंद प्रमाणित होऊ देणारी आज्ञावली वेगवान असली, तरी बेकायदेशीर ठरेल.

चुकांची दुरुस्ती

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेताना काही चुका झाल्या. उदाहरणार्थ, ०.४० हेक्टर क्षेत्र ०.०४ असे लिहिले गेल्यास चाळीस आर जमिनीचा धनी कागदोपत्री चार आरांचा उरतो. पीककर्ज व विक्री दोन्ही अडतात. माहितीसाठ्यातील असा आकडा बदलणे तंत्रज्ञाला सहज शक्य असते, परंतु तसा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या आदेशानेच दुरुस्त होतो. याच संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून कोणता बदल कोणी, केव्हा व कोणत्या आदेशाने केला, याचा माग राहणे हा पर्यवेक्षणाचा गाभा ठरतो.

संगणकीकृत सातबारे मूळ अभिलेखाशी ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे ऑनलाइन मिळू लागले.