शिवणाऱ्या हातांविषयी काही गैरसमज

विदर्भातल्या तेल्हाऱ्याच्या जिनिंगातून सरकी वेगळी झाली, रुईच्या गाठी ट्रकवर चढल्या, की कापसाचा विषय आपल्यापुरता संपतो. पुढे बंगळुरू, तिरुपूर किंवा ढाक्यात कपडे शिवणाऱ्या बायांबद्दल मात्र आपण ऐकीव गोष्टींवर विसंबतो.

संप हे मुंबईचं खूळ, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, ती कापूस जवळ पिकतो म्हणून. त्याच वर्षी तिथल्या कामगारांनी मजुरीसाठी काम बंद केलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांत तो गणला जातो. म्हणजे ही परंपरा विदर्भाचीही आहे.

सुपरवायझर ओरडतो, तोच सगळ्या त्रासाचं मूळ, हाही समज अर्धवट आहे. कारखान्यात एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही. एकीकडे कॉलर, दुसरीकडे बाही, तिसरीकडे खिसा. प्रत्येक कामाला किती सेकंद लागावेत हे आधीच मोजलेलं असतं आणि त्यावरून तासाचं टार्गेट निघतं. एक जण मागे पडली की तिच्यापुढे ढीग साचतो आणि पुढची रिकामी बसते. म्हणून पाणी कमी प्यायचं, लघवीला जाणं टाळायचं. सुपरवायझरवर मालकाचा दाब, मालकावर माल घेणाऱ्या ब्रँडचा. माल उशिरा पोचला तर पैसे कापले जातात. दर वाढवून मागितला तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाते. भाव घेणारा ठरवतो म्हणजे काय, हे कापूस विकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तपासणीचं प्रमाणपत्र असलं की कारखाना सुरक्षित? कराचीच्या अली एंटरप्रायझेसला असं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली, दारं बंद होती, अडीचशेहून जास्त कामगार गेले. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाला भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. कामगार आत जायला तयार नव्हते, त्यांना जायला लावलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळून ११३४ जण मेले. एकत्र ‘नाही’ म्हणायला तिथे युनियन नव्हती. त्यानंतर कामगार संघटनांनी ब्रँडना कायद्याने बांधणाऱ्या करारावर सह्या करायला लावल्या, तेव्हा कुठे इमारतींची खरी तपासणी सुरू झाली.

आणि बायका लढत नाहीत, हा सर्वांत खोटा समज. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने नियम बदलला: पीएफमधला मालकाचा वाटा वयाच्या ५८ पर्यंत काढता येणार नाही. गारमेंटमधल्या बाईला ५८ पर्यंत मशीनवर कोण ठेवतं? नोकरी सुटल्यावर पोरांची फी, कर्ज, आजारपण त्याच पैशावर निभावतं. १८ एप्रिलला बंगळुरूत हजारो बाया कारखान्यांतून रस्त्यावर आल्या. बहुतेकींचा कुठल्या युनियनशी संबंध नव्हता. लाठीमार झाला, तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उतरल्या. १९ एप्रिलच्या संध्याकाळी केंद्राने बदल मागे घेतला, तो देशातल्या सगळ्या पीएफधारकांसाठी. अकोल्याच्या एमआयडीसीतले कामगारही त्यात आले.