दोष सुनेचा नाही, कुणाचाच नाही : डीएनए आणि सिकलसेल समजून घेऊ या



"पोरगी अगदी आत्यावर गेलीय," असं आपण सहज म्हणतो. ज्वारी पेरली की ज्वारीच उगवते, शेळीला करडूच होतं, हेही रोजचंच. पण दाण्याला कोण सांगतं की तू ज्वारी आहेस? सांगतो तो डीएनए. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक घरांत असलेला सिकलसेल आजारही याच डीएनएतून येतो. म्हणून या अंकात दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ.

डीएनए म्हणजे काय?

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. एका पेशीतला सगळा धागा उलगडला तर तो सुमारे २ मीटर भरेल! झाडं, कोंबड्या, गाई, दह्यातले जंतू, सगळ्यांत तो असतो. दोन पेडांची दोरी पिळावी तशी त्याची रचना. ही रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईंच्या क्ष-किरण कामाचा मोठा आधार झाला.

या धाग्यावर ए, टी, जी, सी अशा फक्त चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. असा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. प्रत्येक संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं! त्यातल्या कामाच्या एकेका तुकड्याला जनुक म्हणतात. जनुकात लिहिलंय तसं पेशी प्रथिन बनवते. पेशीच्या दोन पेशी होताना या सगळ्या मजकुराची नक्कलही उतरवली जाते.

दोन प्रती कशाला?

कर्जाची नोंद आपण गटाच्या वहीत करतो आणि सभासदाच्या पासबुकातही. एकीकडे चूक झाली तरी दुसरीकडची नोंद असते. जनुकांचंही बरंचसं असंच. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागतं. दोन्ही बिघडल्या तर मात्र अडतं.

जाता जाता एक गोष्ट. मुलगा की मुलगी, हेही याच वाटणीत ठरतं. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. कोणतं यावं हे वडिलांच्याही हातात नसतं. मग मुलगी झाली म्हणून सुनेला बोल कशाला?

एक अक्षर बदललं की काय होतं?

रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ए या अक्षराच्या जागी टी आलं, की सिकलसेलचं हिमोग्लोबिन बनतं. दोन्ही प्रतींत हा बदल असेल तर गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. सिकल म्हणजे विळाच. या पेशी बारीक नसांत अडकतात, मग हाडं-सांधे असह्य दुखतात. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात, लेकरू वारंवार आजारी पडतं.

एकाच प्रतीत बदल असेल तर ती व्यक्ती 'वाहक'. तिला सहसा काहीच त्रास नसतो. उलट अशा माणसाला मलेरियाचा जीवघेणा प्रकार सहसा होत नाही. म्हणूनच मलेरियाच्या भागात हा बदल पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.

दोघंही वाहक असतील तर?

प्रत्येक गरोदरपणात शक्यता अशी:
- ४ पैकी १ : बाळ पूर्ण निरोगी
- ४ पैकी २ : बाळ वाहक
- ४ पैकी १ : बाळाला आजार

इथे एक गैरसमज होतो. भिशीत एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी बाजूला ठेवतात. इथे मात्र दर वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात जातात. पहिलं बाळ आजारी निघालं म्हणून पुढची सुखरूप, असं नसतं.

आणि बघा, आजारी बाळाला एक प्रत आईकडून आलेली असते, एक वडिलांकडून. मग 'सुनेनं रोग आणला' हे बोलणं कुठे टिकतं? ही बाहेरची बाधा नाही, शाप नाही, एका ताटात जेवल्याने पसरणारा रोगही नाही.

आपण काय करायचं?

- तपासणी करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी होते. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
- पहिल्या तपासणीत दोष दिसला तर पक्कं निदान करणारी दुसरी तपासणी सोडू नका.
- लग्न जुळवताना मुलगा-मुलगी दोघांचेही रिपोर्ट बघा, फक्त मुलीचा नको. एक जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मुलांना हा आजार होत नाही. वाहक मुलीचं लग्न मोडायचं काही कारण नाही.
- दोघंही वाहक असाल तर मूल होण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. दिवस गेले असतील तर पहिल्या महिन्यांतच सांगा.
- घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, गोळ्या मनाने बंद करू नका. जोराचा ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. तपासणी कुणाची राहिलीय त्यांची यादी करा आणि एक दिवस ठरवून सगळ्या मिळून जा. सोबत घरातल्या पुरुषांनाही न्या. अर्धा डीएनए त्यांचाही आहे!