तीस सेकंदांचं गाणं कुणाचं?

रणगाडे, नकाशे आणि इतिहास बाजूला ठेवून आज जरा हलक्या विषयावर बोलू. म्हणजे, सुरुवातीला मलाही तो हलकाच वाटला होता.

मी गुरुग्रामला राहतो. मारुती-सुझुकीपासून इथे जपानी कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर जपानी कुटुंबंही आली. आमच्या इमारतीत असंच एक कुटुंब आहे. एकदा लिफ्टमध्ये त्यांची छोटी मुलगी काहीतरी गुणगुणत होती. मी कौतुकाने विचारलं, तर तिची आई हसून म्हणाली, "ही आमच्याकडच्या बिस्किटांची जाहिरात आहे. तुमच्याकडे असतात का अशी गाणी?" मग काय! मी निरमा, विको, बजाज, तिन्हींच्या चाली तिथल्या तिथे गुणगुणून दाखवल्या. त्यावर तिने सहज विचारलं, "या कुणी बांधल्या?"

माझा मजला आला आणि मी गप्पच बाहेर पडलो. मला साबणाचं नाव ठाऊक होतं, क्रीमचं ठाऊक होतं, स्कूटरचंही. माणसाचं एकही नाव आठवेना.

तर आजचा प्रश्न हाच: जाहिरातीतलं गाणं कुणाचं?

आधी थोडा जपान. तिथे खासगी रेडिओ 1951 साली सुरू झाला आणि त्याच वर्षी जाहिरातीचं पहिलं गाणंही आलं. संगीतकार मिकी तोरिरो. गाणं कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कंपनीसाठी होतं. गंमत अशी, की विषय होता एका हौशी छायाचित्रकाराचा, कंपनीचं नाव गाण्यात कुठेच नव्हतं. पुढे 1970च्या दशकात तिथल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या प्रत्येक ऋतूच्या जाहिरातीसाठी नामवंत गायकांकडून पूर्ण गाणी घेऊ लागल्या. त्यांच्या तबकड्या खपल्या. त्यामुळे गाणं कुणाचं, हे लोकांना ठाऊक असे.

आपल्याकडे तसं झालं नाही. आकाशवाणी जाहिराती घेत नसे, म्हणून कंपन्या रेडिओ सिलोनकडे गेल्या. 1952 साली सुरू झालेल्या गीतमालेला टूथपेस्टचं नाव होतं, ते त्यामुळेच. विविध भारतीवर जाहिराती आल्या 1 नोव्हेंबर 1967 रोजी, आणि त्या पहिल्यांदा लागल्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. म्हणजे सुरुवात आपल्या महाराष्ट्रातून झाली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. आई स्वयंपाक करताना रेडिओ चालू असे आणि मला पाढ्यांच्या आधी जाहिराती पाठ झाल्या. दूरदर्शनवर जाहिराती यायला 1 जानेवारी 1976 उजाडावं लागलं.

आता ही गाणी पाठ का होतात, ते पाहू. रेडिओ-टीव्हीवर वेळ सेकंदांवर विकली जाते. दहा, वीस, तीस सेकंद. तेवढ्यात मुखडा, वस्तूचा गुण आणि वस्तूचं नाव बसवायचं. नावाची अक्षरं बोलताना जिथे जोर घेतात, तिथेच चालीतही घ्यायला हवीत, नाहीतर नाव कानाला परकं वाटतं. चाल अशी हवी की गळा नसलेल्या माणसालाही जमली पाहिजे, म्हणून स्वरांच्या मोठ्या उड्या नकोत. शिवाय तीच चाल मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत वेगळ्या शब्दांवर टिकली पाहिजे. हे काम फावल्या वेळात होणारं नाही.

करणारी माणसंही तशीच होती. लिरिल साबणाची, धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीची जाहिरात आठवते? तिचं संगीत वनराज भाटियांचं. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेला माणूस, श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'चा संगीतकार. त्यांनी हजारो जिंगल्स केल्या.

विको ही पेंढारकरांची, म्हणजे आपल्या मराठी माणसाची कंपनी. हळदीच्या क्रीमची त्यांची जिंगल ठासून सांगायची, की हे नुसतं प्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक आहे. हा मुद्दा केवळ गाण्याचा नव्हता. प्रसाधन की औषध, यावर उत्पादन शुल्क किती हे ठरत होतं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

आणि आकुर्डीचा बजाज! 1985 साली इथून जवळच, धारूहेड्याला, हिरो होंडाच्या मोटारसायकली बनू लागल्या. ज्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, तिला जपानी तंत्राची स्पर्धा आली. 1989च्या त्या जाहिरातीने इंजिनाबद्दल न बोलता ही स्कूटर आपली आहे, एवढंच लोकांच्या मनावर बिंबवलं. संगीत होतं लुई बँक्स यांचं. मूळचे दार्जिलिंगचे, जॅझ वाजवणारे.

आता माझी गोष्ट. 15 ऑगस्ट 1988. मी कॅप्टन होतो, पंजाबात. युनिट सिग्नल्सचं, सगळ्या प्रांतांचे जवान एकत्र. दिवस चांगले नव्हते. कुणी कुणाला काही बोलत नसे, पण बातम्या लागल्या की लंगराशेजारच्या खोलीत शांतता पसरायची आणि बातम्या संपल्या की माणसं आपापली उठून जायची. त्या दिवशी पंतप्रधानांच्या भाषणानंतर टीव्हीवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं. भीमसेनजींचा आवाज, भैरवी. मग एकेक भाषा. तमिळ ओळ आली तसा आमचा नाईक ताठ बसला. पंजाबी ओळीला मागच्या बाकावरचे शीख हवालदार हसले आणि खोलीतल्या सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हसूनच पाहिलं.

गाण्याने पंजाबचा प्रश्न सुटला नाही. पण पुढचे काही आठवडे ते लागेल म्हणून माणसं बातम्यांनंतर बसून राहू लागली. युनिट सांभाळणाऱ्याला याची किंमत कळते.

एका जवानाने मला तेव्हा विचारलं होतं, "साहब, धुन किसकी है?" मी बेधडक सांगितलं, कुणीतरी मोठा फिल्मवाला असेल. साफ चूक. ते काम जाहिरातवाल्यांचं होतं. शब्द पीयूष पांडे यांचे, जाहिरात कंपनीत नोकरी करणारे. वाद्यमेळ लुई बँक्स यांचा. आणि चाल अशोक पत्की यांची. 'आभाळमाया'चं, 'वादळवाट'चं शीर्षकगीत करणारे, हजारो जिंगल्स बांधणारे आपले पत्की! मला हे निवृत्तीनंतर एका लेखात वाचून कळलं. तोवर तो जवान कुठे असेल कोण जाणे.

फौजेत आम्ही हुतात्म्यांची नावं दगडात कोरतो, कारण कामगिरी लक्षात राहते आणि माणूस विसरला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. जिंगलचं तसंच झालं. चित्रपटाच्या गाण्याआधी निवेदक संगीतकाराचं नाव सांगायचा. जाहिरातीत नाव फक्त मालाचं. तीस सेकंदांत दुसऱ्या नावाला जागाच नव्हती.

परवा ती जपानी शेजारीण पुन्हा लिफ्टमध्ये भेटली. मी तिला तीन नावं सांगितली: भाटिया, बँक्स, पत्की. निरमाचं अजून शोधतोय, असंही सांगितलं. तिने पत्कींचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

तुम्हीही कधी जुनी जिंगल गुणगुणलात, तर बांधणाऱ्याचं नाव शोधा आणि घरातल्या मुलांना सांगा. पुढच्या भागात पुन्हा नकाशा उघडू. जय हिंद!